व्हिडिओत पट्टे सरकतात, उजेड धडधडतो: पुन्हा पुन्हा येणाऱ्या फ्लिकरचा बंदोबस्त

ठाण्यात गोखले रोडवरच्या एका साडीच्या दुकानासाठी आम्ही सणासुदीला छोटे व्हिडिओ करतो. दिवाळीच्या आधी एकदा मालकीणबाईंचा रात्री साडेदहाला फोन आला. "दादा, पैठणीवरून काळे पट्टे खालून वर चाललेत. बघणाऱ्याला वाटेल कापडातच खोट आहे." क्लिप उघडून पाहिली. कापड नीट होतं, पण आख्ख्या फ्रेमवरून करड्या सावलीचे दोन रुंद पट्टे सावकाश सरकत होते आणि मागची भिंत धडधडल्यासारखी दिसत होती. तो भाग भाच्याने नव्या फोनवर घेतला होता. त्याच्या आधीचे दोन व्हिडिओ त्याच दुकानात, जुन्या फोनवर घेतलेले, अगदी स्वच्छ होते.

शूटिंग करणाऱ्या मित्रांकडून हीच तक्रार मला सतत ऐकू येते. वाशीला कोचिंग क्लासचे व्हिडिओ करणारा असो, घोडबंदरच्या लॉनवर लग्नं शूट करणारा असो किंवा घरच्या ट्यूबलाइटखाली पाककृती दाखवणारी ताई असो. प्रत्येकाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कुठला कॅमेरा घेऊ? कुठला प्लगइन टाकू? माझी कळकळीची विनंती आहे की आधी काहीच विकत घेऊ नका. नवा कॅमेरा घेऊनही हा त्रास जात नाही, कारण दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्यात नसतोच. आपल्याकडची वीज आणि कॅमेऱ्याचं शटर यांचा ताल जुळलेला नसतो. तो जुळवायला पैसे लागत नाहीत.

आधी नेमकं काय दिसतंय ते ओळखा

रुंद, मऊ कडांचे पट्टे वर किंवा खाली सरकत असतील, किंवा सगळं चित्र एका लयीत उजळत-मंदावत असेल, तर तो मेन्सच्या विजेचा फ्लिकर. ट्यूब, साधे एलईडी बल्ब, फॉल्स सीलिंगमधल्या पट्ट्या ही त्याची घरं. पट्टे बारीक, दाट आणि धारदार कडांचे असतील तर तो डिमरवरच्या एलईडीचा किंवा एलईडी वॉलचा, म्हणजे कार्यक्रमात मंचामागे लावलेल्या मोठ्या एलईडी पडद्याचा, त्रास आहे. त्याबद्दल खाली लिहितो. आणि वॉलवर इंद्रधनुषी लाटा दिसत असतील तर तो फ्लिकरच नव्हे, तो मॉयरे. त्यावर शटरचा काही उपयोग नाही. कॅमेरा थोडा पुढे-मागे घ्या किंवा वॉल किंचित फोकसबाहेर ठेवा.

दिव्याची परीक्षा घरबसल्या होते. फोन स्लो मोशनला, शक्यतो सेकंदाला २४० फ्रेमवर, लावून दिव्याकडे धरा. दिवा लुकलुकताना दिसला तर तोच गुन्हेगार. स्लो मोशन नसेल तर दिव्याच्या उजेडात पेन्सिल भरभर हलवा. सलग धुरकट पंखा दिसला तर दिवा चांगला. एकापुढे एक सुट्या पेन्सिली दिसल्या तर दिवा लुकलुकतो आहे.

हे होतं कशामुळे

महावितरणची वीज घरात येते ती ५० हर्ट्झने. सेकंदाला पन्नास पूर्ण फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत प्रवाह दोनदा शिगेला पोचतो. म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. जुन्या पिवळ्या बल्बची तार तापलेली असते, ती सेकंदाच्या शंभराव्या भागात थंड होत नाही, म्हणून तिथे हा चढउतार फार थोडा. जड लोखंडी चोकच्या ट्यूबमध्ये तो चांगलाच असतो. इलेक्ट्रॉनिक चोकची ट्यूब हजारो हर्ट्झवर चालते, ती बरीचशी निर्धोक. स्वस्त एलईडीमध्ये मात्र वीज सपाट करणारा कपॅसिटर लहान असतो किंवा नसतोच, आणि तिथे चढउतार ट्यूबपेक्षाही तीव्र होतो. आपल्या डोळ्याला यातलं काही कळत नाही. कॅमेऱ्याला कळतं.

झटके देत येणारा नळ डोळ्यांसमोर आणा. सेकंदाला शंभर झटके. त्याखाली एकामागून एक पेले धरायचे आहेत. प्रत्येक पेला बरोबर दोन झटके होईपर्यंत धरला, तर कुठल्याही क्षणी सुरुवात करा, प्रत्येक पेल्यात पाणी सारखंच पडेल. पण पेला एक पूर्ण झटका आणि दुसऱ्याचा अर्धामुर्धा भाग एवढाच वेळ धरला, तर कधी जास्त पडेल, कधी कमी. शटर म्हणजे पेला धरण्याचा वेळ. १/५० सेकंदात बरोबर दोन झटके, १/१०० मध्ये बरोबर एक, १/२५ मध्ये चार. १/६० मध्ये १.६७. सगळा गोंधळ या अपुऱ्या झटक्यात आहे.

पट्टे दिसतात ते अशासाठी, की बहुतेक कॅमेरे आणि सगळे नेहमीचे फोन चित्र एकदम टिपत नाहीत, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने टिपतात. प्रत्येक ओळीचा पेला वेगळा आणि किंचित उशिरा धरलेला. आख्खी फ्रेम वाचायला सेन्सरला २० मिलिसेकंद लागत असतील तर तेवढ्यात दोन झटके होतात आणि दोन पट्टे दिसतात. पैठणीवर दोन पट्टे होते, म्हणजे त्या फोनचा सेन्सर साधारण तेवढाच वेळ घेतो.

आता पट्टे सरकतात का? ३० फ्रेमवर प्रत्येक फ्रेममागे ३.३३ झटके पडतात. तीन फ्रेम गेल्या की दहा झटके पूर्ण होतात आणि सम परत येते. म्हणून चित्र सेकंदाला दहा वेळा धडधडतं. फोनचा फ्रेम रेट अगदी काटेकोर ३० नसतो, त्यात सूक्ष्म फरक पडत राहतो, आणि त्या फरकामुळे पट्टे सावकाश वाहताना दिसतात. २४ फ्रेमवर हेच चक्र सहा फ्रेमचं, म्हणजे सेकंदाला चार धडधडी. २५ वर मात्र प्रत्येक फ्रेमला बरोबर चार झटके मिळतात. शटर चुकलं तरी पट्टे जवळपास जागच्या जागी थांबतात. दिसतात, पण वाहत नाहीत, आणि स्थिर पट्टा एडिटमध्ये सहज झाकता येतो. यासाठीच आपल्याकडे २५ फ्रेम हा फार मोठा आधार आहे.

कॅमेऱ्यात काय बदलायचं

अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे, म्हणून तिकडचा जुना टीव्हीचा हिशोब, म्हणजे एनटीएससी पद्धत, ३० आणि ६० फ्रेमचा. आपला पाल पद्धतीचा, २५ आणि ५० चा. (बहुतेक मोठ्या कॅमेरा कंपन्या जपानच्या, आणि जपानमध्ये पूर्व भागात ५० हर्ट्झ तर पश्चिमेला ६०. एकाच देशात दोन्ही, त्यामुळे ही अडचण त्यांना नवी नाही.) नवा फोन हातात येतो तो बहुधा ३० वर लावलेला, आणि परदेशातून आणवलेला कॅमेरा एनटीएससीवर असण्याची शक्यता जास्त.

सोनीमध्ये एनटीएससी-पाल निवडीचा पर्याय मेन्यूत असतो, कॅननमध्ये तो व्हिडिओ सिस्टिम या नावाने मिळतो. बदलण्याआधी कार्डातलं सगळं उतरवून घ्या, कारण काही मॉडेल हा बदल केल्यावर कार्ड फॉरमॅट करायला लावतात. गोप्रो आणि डीजेआयमध्ये अँटी-फ्लिकर नावाचा पर्याय ५० वर ठेवा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, मग कॅमेरा, मग रेकॉर्ड व्हिडिओ, तिथे शो पाल फॉरमॅट्स चालू केलं की २५ फ्रेमचा पर्याय उघडतो. वेबकॅमवर ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्यांसाठी ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी असते, ती ५० करा. निम्म्या शिक्षकांचा प्रश्न तिथेच सुटावा.

त्यानंतर शटर हाताने १/५० वर बांधा. हेच मुख्य. २५ फ्रेमला १/५०, ५० फ्रेमला १/१००. ग्राहकाला ३० च हवं असेल तर हरकत नाही, ३० ठेवा, पण शटर १/६० न ठेवता १/५० किंवा १/१०० ठेवा. कॅमेऱ्यात शटर अंशांत असेल तर २५ ला १८०, २४ ला १७२.८ आणि ३० ला २१६ अंश म्हणजेच १/५०. दोन्ही चालत असतील तर मी १/५० घेतो. १/१०० वर पदर फिरवला की हालचाल तुटक वाटते.

फोनच्या मूळ कॅमेऱ्यात शटर हातात मिळत नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप फुकट आहे. आयफोनसाठी ते २०२३ मध्ये आलं, अँड्रॉइडसाठी २०२४ मध्ये, आणि त्यात शटर बांधता येतं. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये प्रो व्हिडिओ मोड असतो, तोही पुरेसा आहे.

मोशन ग्राफिक्स करणाऱ्यांनी कॉम्पोझिशनही पहिल्या दिवसापासून २५ चं ठेवावं. फुटेज २५ चं आणि शीर्षकं ३० ची, असं झालं की सरकणारी अक्षरं अडखळतात, आणि तेव्हा दोष पुन्हा फ्लिकरला दिला जातो.

जास्त दिवे लावले आणि त्रास वाढला

ही गोष्ट कुणालाच पटकन पटत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. त्या दुकानात जुने व्हिडिओ स्वच्छ का होते? दुकानात उजेड कमी होता. कमी उजेडात फोन आपणहून शटर मंद करतो, १/५० च्या आसपास नेतो, आणि ताल आपोआप जुळतो. दिवाळीसाठी छतात नव्या एलईडी पॅनेलची रांग बसवली गेली. फोनचं ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत येण्याचं भोक, बहुधा बदलत नाही, त्यामुळे जास्त उजेड सोसायला तो शटर झटपट करतो: १/१२०, १/२४०. ताल मोडला. म्हणजे नव्या फोनने काही बिघडवलं नव्हतं आणि जुन्याने काही सांभाळलं नव्हतं.

खिडकीजवळ उभं राहिलं की फ्लिकर सुरू होतो आणि आत सरकलं की थांबतो, याचंही कारण हेच. मुलाखत घेताना समोरच्याने पांढरा शर्ट घातला की होतो, निळा घातला की होत नाही, तेही हेच. ऑटो एक्स्पोजर शटरला हलवत राहतं. म्हणून उजेड जास्त असेल तर शटरला हात लावू नका. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) खाली आणा, कॅमेऱ्यात ॲपर्चर लहान करा, फोनला एनडी फिल्टरची, म्हणजे उजेड कमी करणाऱ्या काळसर काचेची, क्लिप लावा. ती क्लिप बॅगेत कायम असावी, असं माझं ठाम मत आहे. नव्या लेन्सच्या आधी ती घ्या.

स्लो मोशन

१२० फ्रेमवर एका फ्रेमला जास्तीत जास्त १/१२० सेकंद मिळतो, आणि एक झटका पूर्ण व्हायला १/१०० लागतो. पेला झटक्यापेक्षा लहान आहे, त्यामुळे १०० हर्ट्झने लुकलुकणाऱ्या दिव्याखाली १२० फ्रेम स्वच्छ येणं शक्यच नाही. कॅमेरा पालवर असेल तर १०० फ्रेमचा पर्याय मिळतो, तो वापरा. मग धडधड थांबते, फार तर पट्टा एका जागी राहतो. हळदीचा किंवा अक्षतांचा शॉट घरातच १२० वर हवा असेल तर छतावरचे दिवे बंद करून तुमचे स्वतःचे तपासलेले फ्लिकरमुक्त पॅनेल लावा, किंवा खिडकीच्या उजेडात घ्या. सूर्य लुकलुकत नाही.

डिमर, एलईडी वॉल आणि जनरेटर

हॉलमधले रंगीत एलईडी मंद करण्यासाठी बहुतेकदा वीज कमी केली जात नाही, दिवा सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा चालू-बंद केला जातो. दिवा जितका मंद, तितका बंद राहण्याचा वेळ जास्त. म्हणून मंगलाष्टकांच्या वेळी, पूर्ण प्रखर दिव्यात, सगळं ठीक असतं आणि रात्री रिसेप्शनला दिवे मंद केले की बारीक पट्टे उगवतात. १/५० इथेही मदत करतं, कारण तेवढ्या वेळात अनेक चालू-बंद मावतात आणि फरक पुसला जातो. तरी पट्टे राहिले तर दिवेवाल्या दादांना नम्रपणे सांगा की मंद करण्याऐवजी थोडे दिवे बंद करा आणि उरलेले पूर्ण ठेवा. कार्यक्रमाआधी विनंती केली तर ते बहुधा ऐकतात. अंतरपाट धरल्यावर कुणाला वेळ नसतो. सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत व्हेरिएबल शटर असतं, त्यात शटर दशांशाने सरकवून पट्टे जवळजवळ नाहीसे होईपर्यंत जुळवता येतं. कॅननच्या नव्या मिररलेसमध्येही अशी सोय आली आहे. नवा कॅमेरा घेणारच असाल तर मेगापिक्सेलच्या आधी ही सोय आहे का ते विचारा.

एलईडी वॉलच्या माहितीपत्रकात रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा नव्याने उजळतो) लिहिलेला असतो, सहसा १९२० किंवा ३८४० हर्ट्झ. शूटिंग होणार असेल तर ३८४० ची मागा. शिवाय वॉलला चित्र पुरवणाऱ्या लॅपटॉपचं आउटपुट बहुधा ६० हर्ट्झवर असतं. तुम्ही २५ वर शूट करत असाल तर ते ५० वर न्यायला सांगा. मंचामागे फिरणारे लूप मीच बनवतो, त्यामुळे एक गोष्ट अनुभवाने शिकलो: गडद करड्या रंगाच्या सपाट छटांवर रेषा सगळ्यात जास्त उठून दिसतात. हल्ली मी मागची पार्श्वभूमी थोडी पोत असलेली आणि मध्यम उजळ ठेवतो, आणि काळा हवा तिथे पूर्ण काळाच देतो.

नवी मुंबईतल्या मोकळ्या मैदानावरच्या कार्यक्रमात १/५० वरही एक पट्टा तरंगत असेल तर जनरेटरकडे बघा. ग्रिडची वीज ५० च्या फार जवळ राहते. ग्रिड संहितेत ठरलेली मर्यादा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ आहे. पण हलका भार असलेला डिझेल जनरेटर ५१-५२ वर सहज धावतो. जनरेटरच्या पॅनेलवर आकडा दिसतो. ५२ असेल तर व्हेरिएबल शटर १/५२ ला न्या.

ग्लोबल शटर घेतलं तर?

सोनीचा अल्फा ९ मार्क ३ नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झाला. पूर्ण फ्रेम आणि ग्लोबल शटर असलेला तो पहिला मिररलेस. तो सगळ्या ओळी एकाच क्षणी टिपतो, म्हणून पट्टे पडत नाहीत. पण शटर चुकलं तर एक फ्रेम उजळ आणि दुसरी मंद येणारच. सगळे पेले एकदम धरले, तरी नळ झटकेच देतो आहे.

शूट होऊन गेलं असेल तर

डाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओमध्ये डीफ्लिकर नावाचा इफेक्ट आहे आणि त्यात ट्यूबच्या उजेडासाठी वेगळा पर्याय आहे. फुकटच्या आवृत्तीत तो वापरला तर चित्रावर शिक्का येतो. आफ्टर इफेक्ट्स आणि प्रीमियरसाठी डिजिटल अनार्कीचा फ्लिकर फ्री हा प्लगइन आहे. सगळं चित्र एकत्र धडधडत असेल तर दोन्ही चांगलं काम करतात. रुंद पट्ट्यांवर परिणाम कमी होतो, आणि पट्ट्यासमोर माणूस हलत असेल तर आणखी कमी.

पैसे न घालता करता येणारा उपाय वर सांगितलेल्या समेवर उभा आहे. ३० फ्रेमच्या क्लिपमध्ये चक्र तीन फ्रेमचं, म्हणून लागोपाठच्या तीन फ्रेमची सरासरी काढली की पट्टे एकमेकांना खोडतात. तीच क्लिप एकावर एक तीन थरांत ठेवा. मधला थर एक फ्रेम पुढे सरकवा, वरचा दोन फ्रेम. खालच्याची ओपॅसिटी १००, मधल्याची ५०, वरच्याची ३३. २४ फ्रेमच्या क्लिपला दोनच थर, वरचा तीन फ्रेम सरकवलेला, ५० वर. फोनची क्लिप असेल तर त्याआधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटवर काढून घ्या, नाहीतर चक्र मध्येच सुटतं. स्टॅबिलायझेशन आणि वेग बदलणं यानंतरच. हलणाऱ्या गोष्टीच्या तीन छाया दिसतात, म्हणून मास्क लावून हा थर फक्त भिंत, फडताळं, छत अशा स्थिर भागांवर ठेवायचा. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तरच हे जमतं.

पैठणीच्या व्हिडिओत भाच्याने ट्रायपॉड वापरला होता. काउंटरवर घडी उलगडून ठेवलेल्या साड्यांचे शॉट रात्रीतून या तीन थरांनी स्वच्छ झाले, भिंतही शांत झाली. पदर फिरवण्याचा शॉट मात्र वाचला नाही, जरीच्या काठाच्या तीन-तीन रेघा दिसत होत्या. तो सकाळी दुकान उघडण्याआधी त्याच फोनवर, छतावरचे सगळे दिवे चालू ठेवून, एनडीची क्लिप लावून, २५ फ्रेम आणि १/५० वर पुन्हा घेतला. फोन भाच्यानेच धरला.